कॉर्न स्नेकसाठी टब आणि रॅक: आधी थर्मोस्टॅट घ्या, मग साप

मागच्या शनिवारी मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत एका ताईंनी विचारलं, तुमच्याकडे साप आहेत ना, आमची मुलगी कॉर्न स्नेकसाठी हटून बसलीये, काचेची टाकी घ्यायची का ते प्लॅस्टिकचे टब, आणि ते गरम कसं ठेवायचं? हातात ताट, मागे एवढी माणसं, तिथे जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं पण ते अर्धवटच झालं, म्हणून आता नीट बसून सगळं लिहितेय. आम्ही मिशिगनमधे राहतो, डेट्रॉईटच्या जवळ, साप बेसमेंटमधे असतात आणि तिथे हिवाळ्यात १६-१७ सेल्सिअसच्या वर काही जात नाही, त्यामुळे हीटिंगचा विषय आमच्याकडे सहा महिने रोजचाच असतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. भारतातून वाचत असाल तर हे वाचून घरी धामण किंवा तस्कर साप आणून ठेवू नका प्लीज. आपल्याकडचे साप १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात, पकडणं आणि पाळणं दोन्ही गुन्हा आहे, घरात निघाला तर सर्पमित्राला नाहीतर वनखात्याला फोन करायचा, बस. मी लिहितेय ते इथे अमेरिकेत पिढ्यानपिढ्या माणसाकडेच जन्मलेल्या कॉर्न स्नेकबद्दल. आणि इथेसुद्धा आपल्या राज्याचा नियम बघूनच घ्या, कारण जॉर्जियात तिथले स्थानिक बिनविषारी साप पाळता येत नाहीत आणि कॉर्न स्नेक तिथला स्थानिकच आहे, न्यू जर्सीत तो धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे म्हणून परमिट लागतं. एडिसनला राहणाऱ्या मंडळींनी हे खास बघा.

आता साप कसा आहे ते थोडंसं, कारण त्यावरूनच घर कसं हवं ते कळतं. कॉर्न स्नेक म्हणजे अमेरिकेच्या आग्नेय भागातला रॅट स्नेक, आपल्या धामणीसारखा उंदीर खाणारा, पण धामणीपेक्षा बराच लहान आणि शांत. अंड्यातून निघतो तेव्हा वीतभर ते फूटभर, पेन्सिलीएवढा जाड, वजन सहा-आठ ग्रॅम. मोठा झाला की तीन ते पाच फूट, आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो, म्हणजे मुलगी कॉलेजला गेली तरी साप तुमच्याकडेच राहणार हे धरून चला. नावाबद्दल एक समजूत अशी की मक्याच्या कणगीत उंदरांच्या मागे यायचा म्हणून कॉर्न स्नेक, दुसरी अशी की पोटावरची काळी-पांढरी चौकट इथल्या रंगीत मक्याच्या दाण्यांसारखी दिसते म्हणून. मला कणगीवालं आवडतं, कारण आईला व्हिडिओ कॉलवर तेच सांगितलं होतं, अगं हा कणगीतला साप, उंदीर खाणारा, तेव्हा ती जरा शांत झाली आणि म्हणाली, मग धामणीतलाच म्हण की.

हा साप दिवसा झाडाच्या सालीखाली, उंदराच्या बिळात, दगडाच्या फटीत अंग चिकटवून बसतो. चारी बाजूंनी काच, वर भगभगीत दिवा, अशा टाकीत छोटं पिल्लू घाबरून जातं आणि खाणं सोडतं. अर्धपारदर्शक, बसका टब त्याला बिळासारखा वाटतो, म्हणून पिल्लं टबात जास्त लवकर स्थिरावतात आणि खायला लागतात, हा माझा सातही सापांबरोबरचा अनुभव आहे. शिवाय टबात गरमी आणि ओल टिकते. काचेच्या टाकीला वर जाळी असते, तिथून सगळं उडून जातं, आणि मिशिगनच्या हिवाळ्यात घर गरम करणारी फर्नेस चालू असताना घरातली हवा एवढी कोरडी होते की कात तुकड्या-तुकड्यांनी निघते.

पण मोठा साप आयुष्यभर बुटक्या ड्रॉवरमधे ठेवणं मला पटत नाही. कॉर्न स्नेक चढतो, रात्री फिरतो, सगळं हुंगत जातो. रॅक म्हणजे फळ्यांच्या खणांत टब ड्रॉवरसारखे सरकवायची मांडणी, तो पिल्लांसाठी, वाढत्या सापांसाठी, नवीन आणलेल्या सापाला वेगळं ठेवण्यासाठी आणि ज्यांच्याकडे बरेच साप आहेत त्यांच्यासाठी. घरात एकच साप असणार असेल तर दोनेक वर्षं टबात वाढवा आणि मग चार फूट लांब, दोन फूट रुंद असं व्हिव्हेरियम, म्हणजे सापाची मोठी सजवलेली पेटी, करा, त्यात आडवी फांदी घाला आणि रात्री तो त्या फांदीवरून कसा जातो ते बघा. माझे दोन मोठे साप तसेच आहेत, बाकीचे अजून रॅकवर.

आता गरमीचं, ते सगळ्यात महत्त्वाचं म्हणून आधी. एकच गोष्ट लक्षात ठेवा, कॉर्न स्नेक थंडीने सहसा मरत नाही, उष्णतेने मरतो. ब्रीडिंग करणारे लोक हिवाळ्यात त्यांना पोट रिकामं करून मुद्दाम १०-१३ सेल्सिअसला दोन-अडीच महिने झोपवतात आणि साप ठणठणीत उठतात. पण ३५च्या वर जाऊन पळायला थंड कोपरा नसेल तर काही तासांत संपतो.

आमची पहिली कॉर्न स्नेक केशर, भगव्या रंगाची म्हणून केशर. जिथून आणली त्या दुकानात टाकीखाली चिकटवायची हीट मॅट दिली आणि सांगितलं की थर्मोस्टॅटची, म्हणजे तापमान ठरवलेल्या आकड्यावर धरणाऱ्या यंत्राची, गरज नाही, ही मॅट फार तापत नाही. मी विश्वास ठेवला. तीन आठवड्यांनी तिला हातात घेतलं तर पोटावर मधोमध चार-पाच खवले तपकिरी, कडेने जरा सुरकुतलेले. मला वाटलं घाण लागलीये, ओल्या कापसाने पुसायला गेले तर तिने अंग एकदम आखडून घेतलं. व्हेटने बघताक्षणी सांगितलं, भाजलंय. घरी येऊन भुसा बाजूला करून तळाच्या काचेवर टेंपरेचर गन, म्हणजे न टेकवता तापमान मोजणारं यंत्र, धरली, ४५ सेल्सिअस! वरून भुशावर हात ठेवला तर नुसतं कोमट लागत होतं. आपल्याला वाटतं साप चटका बसला की उठून जाईल, पण तो भुशात घुसून तळाशी अंधारात सुरक्षित वाटतं म्हणून तिथेच बसून राहतो आणि हळूहळू भाजत जातो. मलम, रोज बदललेले पेपर टॉवेल, तीन काती टाकल्या तेव्हा ते डाग गेले. त्यानंतर आमच्या घरात एकही हीट मॅट किंवा हीट टेप (गरम होणारी पट्टी, तिचं पुढे येईलच) थर्मोस्टॅटशिवाय भिंतीत लागलेली नाही आणि लागणार नाही.

तर आकडे असे. गरम बाजूला, टबाच्या आतल्या तळाचं तापमान २९ ते ३१ सेल्सिअस, म्हणजे ८४ ते ८८ फॅरेनहाइट. थंड बाजूला २२ ते २५, म्हणजे ७२ ते ७७. रात्री सगळंच जरा खाली आलं, २०-२१ झालं तरी काही बिघडत नाही. गरम बाजू ३३च्या वर गेली तर लगेच काहीतरी करायचं. हे दोन टोकांचं तापमान हवंच हवं, कारण साप स्वतः गरमी तयार करत नाही, जेवला की गरम बाजूला जाऊन बसतो, पचलं की थंड बाजूला येतो. गरम जागाच नसेल तर उंदीर पोटात सडतो आणि तीन दिवसांनी तो उलटी करून टाकतो, आणि तसं झालं तर दहा-चौदा दिवस अजिबात काही द्यायचं नाही, मग नेहमीपेक्षा लहान उंदीर.

टब कुठला घ्यायचा? पिल्लाला सहा क्वार्टचा, इथे बूट ठेवायला मिळतो तो शू-बॉक्स, साधारण पावणेसहा लिटर. साप पन्नास-साठ ग्रॅमचा झाला की पंधरा क्वार्ट. मग मोठ्याला बेडखाली सरकवायचे लांब टब येतात ते, एक्केचाळीस क्वार्टचे किंवा त्याहून मोठे. जुना नियम असा आहे की टबाची लांबी अधिक रुंदी ही सापाच्या लांबीएवढी हवी, मी तो कमीत कमी धरते, जागा असेल तर त्याहून मोठाच घ्यावा. फक्त पिल्लाला एकदम मोठ्या टबात टाकायचं असेल तर लपायच्या जागा भरपूर द्या, मोकळं मैदान नको. आणि एका टबात एकच साप, कायम. दोघांना सोबत होईल वगैरे काही नसतं, ताण येतो, आणि पिल्लं कधीकधी एकमेकांना गिळतातही.

प्लॅस्टिक बघून घ्या. जरा दुधट, वाकणारं असतं ते पॉलिप्रॉपिलीन, खाली त्रिकोणात ५ आकडा असतो, ते चांगलं. काचेसारखं एकदम स्वच्छ आणि कडक असतं ते भोक पाडताना तडकतं. आणि रॅक करणार असाल तर सगळे टब एकाच दिवशी घ्या, दोन-तीन जास्तीचेच घ्या, कारण कंपन्या काही न सांगता साचा बदलतात आणि पुढच्या वर्षी आणलेला टब दोन मिलीमीटरने उंच निघाला की तुमच्या फळीत बसत नाही. माझे तीन टब असे नुसते पडून आहेत, आता त्यात कांदे-बटाटे ठेवते.

भोकं मी सोल्डरिंग आयर्नने पाडते. ड्रिलने पण होतं पण मला सोल्डरिंग बरं वाटतं, कडा वितळून गोल होते आणि तडा जात नाही. हे गॅरेजचं दार उघडं ठेवून नाहीतर अंगणातच करा, धूर वाईट असतो. टबाच्या आतून बाहेर टोचायचं, म्हणजे जो उंचवटा येतो तो बाहेरच्या बाजूला येतो आणि आत गुळगुळीत राहतं, कारण साप रात्रभर भोकांवर नाक घासतो आणि खरखरीत कडेने नाकावरचा खवला सोलून निघतो. झालं की आतून बोट फिरवून बघायचं, बोटाला लागलं तर सापाला लागणारच. पिल्लांच्या टबाला भोक तीन मिलीमीटरच्या वर नको, मोठ्यांना पाच-सहा चालतं. वरच्या कडेखाली एक ओळ, समोर आणि मागे किंवा दोन्ही बाजूंना, म्हणजे हवा आरपार जाते. किती भोकं? मी लहान टबाला वीसेक पाडते आणि मग बघते. सकाळी टबाच्या भिंतींवर आतून थेंब दिसले तर अजून चार-पाच पाडायची, भोकं वाढवता येतात पण बुजवता येत नाहीत म्हणून कमीपासून सुरुवात करायची.

पळून जाणं हा या सापाचा आवडता उद्योग आहे. जिथून डोकं जातं तिथून सगळा साप जातो, आणि पिल्लाचं डोकं म्हणजे शेंगदाण्याएवढं पण नाही. झाकणवाला टब असेल तर दोन्ही बाजूंना कडी असलेलाच घ्या, आणि झाकण मधे उचललं जातंय का ते बोटाने आतून ढकलून बघा, जात असेल तर कागदाला लावतात त्या मोठ्या काळ्या बाइंडर क्लिपा लावा. बिनझाकणाचा टब म्हणजे रॅकमधे वरची फळी हेच झाकण असतं, तिथे टबाची कड आणि फळी यात दीड मिलीमीटरच्या वर फट नको, पिल्लांना तर तेवढीही नको. पिल्लांसाठी मी झाकणवाले टबच वापरते, झोप शांत लागते.

रॅक विकतही मिळतो, आणि पैसे असतील तर चांगल्या कंपनीचा तयार रॅक घेणं हेच सोपं. स्वतः करायचा असेल तर मेलामाइनची, म्हणजे वर गुळगुळीत थर असलेली फळी घ्या, पुसायला सोपी असते, ओल्या फडक्याने फुगत नाही, फक्त कापलेल्या कडा सील करा. पीव्हीसी अजून चांगलं आणि हलकं पण महाग. मापं टबावरून घ्यायची, टबाच्या लेबलवरून नाही. दोन फळ्यांमधलं अंतर काढताना मी टब फळीवर ठेवते, कडेवर दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवते, त्यावर वरची फळी टेकवते आणि तिथेच खूण करून स्क्रू मारते, टेपने मोजून केलेलं पहिल्या वेळी चुकलं होतं, यानं चुकत नाही. तीन फुटांहून लांब फळी मधे झोळासारखी खाली येते आणि मग टब अडकतो, तर मधे एक उभा आधार द्या. मागची बाजू पूर्ण बंद करू नका, हवा आणि वायर दोन्हीला जागा लागते. आणि भिंतीला पक्का करा, मेलामाइनचा रॅक फार जड असतो, घरात पोरं असतात.

आता हीट टेप. ही चपटी प्लॅस्टिकची पट्टी असते, आत काळ्या रेघा आणि दोन्ही कडांना तांब्याची पट्टी, फुटावर कापून मिळते, तीन-चार इंच रुंदीची आणि अकरा इंची पण. टबाच्या तळाचा साधारण एक तृतीयांश भाग टेपवर यायला हवा, त्याहून जास्त नको, नाहीतर थंड बाजू उरतच नाही. मी फळीच्या मागच्या भागात राऊटरने, म्हणजे लाकडात खाच पाडायच्या यंत्राने, टेपच्या रुंदीची उथळ खाच पाडून त्यात टेप बसवते, म्हणजे टब आतबाहेर सरकवताना टेप घासली जात नाही आणि टबाचं सगळं वजन तिच्यावर येत नाही, जराशी हवा मधे राहते. टेप दुमडायची नाही, एकावर एक घालायची नाही, खिळा-स्टेपल तिच्यातून मारायचं नाही.

वायर जोडण्याबद्दल मला मनापासून सांगायचंय की तुम्हाला विजेचं काम येत नसेल तर जोडून आलेली टेप मागवा. चार पैसे जास्त जातात पण नीट दाबलेले क्लिप, त्यावर इन्सुलेशन, सगळं करून येतं. उघडं तांबं, भुशाची धूळ आणि पाण्याचं भांडं या तीन गोष्टी एका रॅकमधे असतात, त्यात कच्चं काम नको. प्लग जीएफसीआय, म्हणजे विजेची गळती झाली की लगेच बंद पडणाऱ्या सॉकेटमधेच, एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडायचं नाही, आणि त्या खोलीत स्मोक डिटेक्टर पाहिजेच. सगळ्या टेपांचे वॉट मिळवून थर्मोस्टॅटच्या क्षमतेच्या बरेच खाली ठेवा.

थर्मोस्टॅट दोन प्रकारचे. एक नुसता चालू-बंद करणारा, तो स्वस्त आणि कामाला चालतो. दुसरा वीज कमी-जास्त करत तापमान एका जागी धरणारा, प्रपोर्शनल म्हणतात, महाग पण रॅकला तोच छान. आणि एक असतो रिओस्टॅट, पंख्याच्या रेग्युलेटरसारखा गोल बटणवाला, तो थर्मोस्टॅट नाही! तो खोलीचं तापमान बघत नाही, जानेवारीत नीट लावलेला रिओस्टॅट जूनमधे साप भाजतो. दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेले असतात म्हणून मुद्दाम सांगतेय.

थर्मोस्टॅटला तापमान कळवणारं वायरीचं टोक म्हणजे प्रोब, तो कुठे लावायचा यावर लोक वाद घालतात, माझं मत पक्कं आहे. टबाच्या बाहेर, टेप आणि टबाचा तळ यांच्या मधे, अल्युमिनियमच्या फॉइल टेपने घट्ट चिकटवून. टबाच्या आत ठेवला तर साप तो ढकलतो, त्यावर मुततो, पाणी सांडतं, ओला प्रोब खरं आहे त्यापेक्षा कमी तापमान दाखवतो आणि थर्मोस्टॅट वेड्यासारखा टेप तापवत बसतो. प्रोब सुटून हवेत लोंबकळला तरी तेच. बाहेर लावला की आकडा मात्र वेगळा ठेवावा लागतो, टेपजवळ ३३-३४ सेट केलं की आत तळाला ३० मिळतं असं आमच्याकडे होतं, तुमच्याकडे प्लॅस्टिकच्या जाडीप्रमाणे बदलेल, म्हणून टेंपरेचर गन घ्याच, वीस-पंचवीस डॉलरला येते, टब ओढायचा, भुसा सरकवायचा आणि थेट तळावर धरायची. रॅकमधे गरम हवा वर जाते, वरचे खण खालच्यांपेक्षा दोनेक डिग्री जास्त असतात, म्हणून प्रोब सगळ्यात गरम खणाला लावायचा. खालचा साप जरा थंडीत राहील, चालेल, पण वरचा भाजता कामा नये.

आणि दुसरा थर्मोस्टॅट. साधा चालू-बंदवाला स्वस्तातला घ्या, भिंतीतल्या सॉकेटला तो, त्यात मुख्य थर्मोस्टॅट आणि मग टेप. त्याचा वेगळा प्रोब लावून मुख्यापेक्षा तीन डिग्री वर सेट करायचा. मुख्य थर्मोस्टॅट चालू अवस्थेत अडकला, आणि ते अडकतात, तर हा वीज तोडतो. आमच्याकडे हे दोन वर्षांपूर्वी झालं, पहाटे खाली गेले तर दुसऱ्याचा लाल दिवा लागलेला, मुख्य थर्मोस्टॅट तापून गेलेला आणि सगळे साप आपापल्या जागी मस्त. तीस-पस्तीस डॉलरच्या त्या डबीने त्या रात्री पाच साप वाचवले.

टबाच्या आत काय घालायचं ते पटकन सांगते. अ‍ॅस्पेनच्या लाकडाचा भुसा, इंचभर थर, टेपवर त्याहून जाड नको कारण भुसा गरमी खाली दाबून धरतो, केशरचं तेच झालं होतं. सीडर म्हणजे देवदाराचा भुसा अजिबात नाही, त्यातलं तेल सापाच्या फुप्फुसांना बाधतं. पिल्लू आणि नवीन आलेला साप नुसत्या पेपर टॉवेलवर, म्हणजे शी कशी आहे, माइट म्हणजे त्या बारीक काळ्या किडी आहेत का ते लगेच दिसतं. नवीन साप रॅकपासून दुसऱ्या खोलीत दोन-तीन महिने, हात धुऊन, आणि त्याची साफसफाई सगळ्यात शेवटी.

लपायच्या जागा दोन, एक गरम बाजूला, एक थंड. एकच ठेवली तर साप तापमानासाठी नाही, लपण्यासाठी तिथे बसतो, मग भूक असो का पचन असो. पाण्याचं भांडं जड, चिनीमातीचं, थंड बाजूला, काठोकाठ न भरता, कारण साप त्यात जाऊन बसला की पाणी बाहेर येतं आणि ओला अ‍ॅस्पेन दोन दिवसांत बुरशी धरतो. ओल ४० ते ६० टक्के पुरते. डोळे निळसर दुधाळ झाले की कात जवळ आली, तेव्हा एक ओलसर डबी ठेवायची. मी इंडियन स्टोअरच्या श्रीखंडाचा रिकामा डबा घेते, झाकणाला सापाच्या दीडपट जाडीचं भोक, कड सोल्डरिंगने गोल केलेली, आत ओलं करून पिळलेलं स्फॅग्नम मॉस, म्हणजे ओल धरून ठेवणारं शेवाळ. डोळे परत स्वच्छ होतात आणि मग चार-पाच दिवसांत अख्खी कात निघते, शेपटीच्या टोकापासून डोळ्यांवरच्या चकत्यांपर्यंत, त्या चकत्या आल्या का ते प्रत्येक वेळी बघायचं.

टबांवर थेट ऊन पडता कामा नये. खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा बंद टबावर अर्धा तास पडला तरी आत भट्टी होते आणि थर्मोस्टॅट तिथे काही करू शकत नाही. उन्हाळ्यात खोलीच ३० झाली तर टेप बंद राहील पण थंड बाजू उरणार नाही, तेव्हा खोली गार करायची. वरच्या मजल्यावर रॅक ठेवणाऱ्यांना हा त्रास जास्त, बेसमेंटवाल्यांना हिवाळ्याचा. आमच्या बेसमेंटमधे १६ डिग्री असताना टेप कितीही चालली तरी टबाची थंड बाजू फारच थंड व्हायची, म्हणून डिसेंबर ते मार्च त्या खोलीत तेलाचा रेडिएटर २१ला लावते. टेप हवा गरम करत नाही, फक्त तळ करते.

रॅक पूर्ण झाला, टेप लागली की साप लगेच घालू नका. आठवडाभर रिकामा चालवा, सगळे टब जागेवर, भुसा आणि पाण्यासकट, कारण रिकाम्या टबाचा आकडा वेगळा येतो. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक टबाची दोन्ही टोकं मोजून कागदावर लिहा. आमच्या मुलाने, तो तेव्हा नऊ वर्षांचा होता, प्रत्येक टबाला कार्ड चिकटवलं, वरती सापाचं नाव, खाली कधी जेवला, कधी कात टाकली, कधी साफ केलं, किती ग्रॅम. तीच पद्धत अजून चालू आहे. साप आजारी पडतोय हे चेहऱ्यावरून कधीच कळत नाही, कार्डावरून कळतं.

आता वीज गेली तर. फेब्रुवारी २०२३मधे आमच्या भागात आइस स्टॉर्म झालं, झाडांच्या फांद्या बर्फाच्या वजनाने तारांवर पडल्या, लाखो घरांची वीज गेली. आमची तीन दिवस नव्हती. पहिल्या रात्री मी इतकी घाबरले होते की गाडीत हीटर लावून सापांना घेऊन बसायचा विचार केला. मग व्हेटला फोन लावला, त्यांनी विचारलं शेवटचं कधी जेवले, म्हटलं पाच-सहा दिवस झाले, म्हणाले मग काळजी नको, फक्त अजिबात खायला देऊ नका. ते तेवढं पाळायचं. प्रत्येक साप कापडी पिशवीत घातला, जुन्या उशीच्या अभ्र्याच्या पिशव्या, तोंडाला गाठ मारून, आणि सगळ्या पिशव्या पिकनिकच्या मोठ्या कूलरमधे ठेवल्या, कूलर जसा थंड टिकवतो तसा गरमपणाही टिकवतो. गॅसची शेगडी काडेपेटीने पेटत होती, पाणी कोमटापेक्षा जरा जास्त गरम करून बाटल्यांत भरलं, बाटल्या टॉवेलात गुंडाळून कूलरच्या एका बाजूला, पिशव्या दुसऱ्या बाजूला, मधे थर्मामीटर. झाकण थोडं उघडं, हवा जायला. दर चार-पाच तासांनी बाटल्या बदलल्या आणि आत १९-२० राहिलं, घर तोवर दहावर आलं होतं. हॅंड वॉर्मरची पाकिटं मिळतात ती सरळ सापाजवळ टाकू नका, ती भाजतात आणि हवेतला ऑक्सिजनही ओढतात.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज आली. रॅक आधी चालू केला, दोन तास थांबून गनने सगळे तळ मोजले, आणि मगच पिशव्यांच्या गाठी सोडल्या. केशर सगळ्यात आधी बाहेर आली, जीभ लपलपवत सरळ गरम बाजूच्या डबीत घुसली. चार दिवस थांबले आणि पाचव्या दिवशी नेहमीपेक्षा लहान उंदीर दिला, तो तिने घेतला, आणि कार्डावर मुलाने तारीख लिहिली.